नववा छर्रा

खोली दाखवायच्या आधी घरमालकांनी मला चुन्यानं रंगवलेले चार दगड दाखवले. नारळाएवढे चार दगड, खोलीच्या चार कोपऱ्यांत पुरलेले. पुरलेले म्हणजे खरोखरच पुरलेले, सारवलेली जमीन उकरून. "ही तुमची हद्द," म्हणाले. अहो, खोलीला भिंती होत्या की. पण भिंतीवर त्यांचा भरवसा नव्हता. भिंत गवंडी बांधतो, हद्दीचा दगड सरकार बसवतं, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात सरकार म्हणजे तेच होते.

मी तेव्हा देवीडॉक्टर होतो. आताच्या पोरांना सांगावं लागतं, देवीडॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. गावोगाव हिंडून लोकांच्या दंडावर देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, माझं लग्न व्हायचं होतं आणि बारामती-इंदापूर असे दोन तालुके पायाखाली घालायचे होते. बारामतीत खोली घेतली ती ह्या गृहस्थांकडे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ते मला 'डॉक्टर' म्हणत. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला कधीच कळलं नाही.

तात्या पेन्शनीत निघालेले मोजणीदार. तीस वर्षं साखळी ओढून लोकांची शेतं मोजली, भावाभावांच्या वाटण्या करून दिल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पेन्शनीत निघताना सरकारनं साखळी परत घेतली, पण खोड कशी परत घेणार? घरापासून एसटी स्टँड अकराशे बारा पावलं. स्टँडवरून घर मात्र अकराशे सव्वीस. ही वरची चौदा पावलं कुठून येतात ह्याचा त्यांनी केवढा घोर लावून घेतला होता. मी म्हटलं, तात्या, येताना माणूस दमलेला असतो, पाऊल आखूड पडतं. मी लाच देऊ केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रस्त्याची लांबी माणसाच्या दमावर ठरत नसते, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर तासभर बसून, चहा पिऊन, ताजेतवाने होऊन पुन्हा मोजत आले. अकराशे अठ्ठावीस भरली. दोन दिवस जेवले नाहीत धड.

जाडी मोजायचा एक पितळी चिमटा त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात कायम असायचा, इतर माणसं पेन लावतात तसा. हाताला लागेल त्याची जाडी ते त्यात धरत. भाकरीची धरत, दाराच्या कडीची धरत, एकदा मला ताप आला तर माझ्या मनगटाची धरली आणि "कालच्याएवढंच आहे" असं सांगून मला धीर दिला. डावखुरे होते. चिमटा डाव्या हातात, टिपणवही उजव्या मांडीवर, आणि डोळे इतके जवळ नेलेले की नाक वहीला टेकायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुण्याच्या डॉक्टरनं दिवाळीनंतर ऑपरेशन ठरवलं होतं आणि एक डोळा बहुतेक वाचेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असंही सांगून ठेवलं होतं.

"मोजणी चुकत नाही, डॉक्टर. माणसं चुकतात." हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. तीस वर्षांत त्यांच्या एकाही मोजणीची फेरमोजणी झाली नव्हती. फेरमोजणी म्हणजे ज्याला आधीची मोजणी मान्य नाही त्यानं अर्ज करायचा, मग दोन्ही बाजूंना समोर उभं करून पुन्हा सगळं मोजायचं. मोजणीदाराच्या दृष्टीनं ही भर चौकात पागोटं उडवण्याचीच गोष्ट. फेरमोजणी हा शब्द कुणी उच्चारला तरी तात्या उठून आत जायचे.

आता सायकलीचं.

मागच्या पडवीत आढ्याला दोरीनं बांधलेला सायकलीचा एक सांगाडा लोंबत असायचा. जुनी विलायती सायकल. नुसता सांगाडा, हँडल नाही, सीट नाही, चाकं नाहीत. शेजारी खुंटीला एक गंजकी रिम. आणि खाली एका जुन्या धोतराच्या फडक्यात तीन हब. हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, ज्यातून आस जातो आणि ज्यात छर्रे फिरतात. तिन्ही हब पुढच्या चाकाचे, तिन्ही एकसारखे, आणि तिन्हींवरचं कंपनीचं नाव कुणीतरी कानशीनं घासून काढलेलं. तात्यांनी त्यांना दोऱ्यानं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या: हब क्रमांक एक, दोन, तीन. त्यातला एक त्यांच्या घरच्या सायकलीचा होता. उरलेले दोन त्यांनी कधीतरी जुन्या बाजारात, चोरीच्या मालाच्या ढिगात, पुढंमागं लागतील म्हणून घेतले होते. चोर मंडळी नाव घासूनच माल विकतात. तिन्ही एका पोत्यात पडले आणि मग घरचा कुठला ते कळेना.

दिवाळीच्या आत, म्हणजे ऑपरेशनच्या आत, ही सायकल पहिल्यासारखी उभी करायची, असं तात्यांनी मनावर घेतलं होतं. डोळे असेपर्यंत. आणि उभी करायची ती घरच्याच हबवर. परक्याचा हब ते लावणार नव्हते. स्टँडजवळच्या सायकल दुकानातला चाचा, जो त्यांना पंधरा वर्षं ओळखत होता, त्यांना हात जोडून सांगायचा की तात्या, हब कुठलाही घ्या, तुमचं चाक होणारच नाही. तुमची रिम मागच्या चाकाची, तिला चाळीस भोकं. हब पुढचा, त्याला बत्तीस. तारा ओवायच्या कुठं? त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "आधी हबची ओळख पटू दे. आठ भोकांचं मागाहून बघू."

ओळख पटवण्याच्या त्यांच्या रीती एकेक ऐकण्यासारख्या होत्या. पहिली रीत जिभेची. हब जिभेला लावायचा. लढाईच्या आधीचं लोखंड गोडसर लागतं, नंतरचं आंबट, असा त्यांचा सिद्धांत. स्वतःच्या जिभेवर एकट्यानं निर्णय देणं कायद्यात बसत नाही म्हणून पंच लागायचा, आणि घरात दुसरा माणूस मीच. त्या पावसाळ्यात मी इतकं लोखंड चाटलं की भाजीत मीठ आहे की नाही मला कळेनासं झालं. दुसरी रीत वासाची. त्यांचे वडील चाकात एरंडेल घालायचे, बैलगाडीला घालतात तसंच. म्हणून आतल्या वाळक्या वंगणाला एरंडेलाचा वास येतो का हे रोज सकाळी हुंगून बघायचं. तिन्हींना यायचा, कारण तात्यांच्या बोटांनाच एरंडेलाचा वास होता. चाचा म्हणायचा, रॉकेलमध्ये धुऊन तरी टाकू. तात्या हब छातीशी धरायचे. वंगण धुतलं म्हणजे पुरावा नष्ट केला, म्हणायचे.

एकदा मोरगावला गेलो तर हब क्रमांक तीन गणपतीपुढे ठेवून यायला सांगितलं होतं. देवाला काय विचारायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. मी हब ठेवला, नमस्कार केला, हब उचलला आणि परत आलो. तात्यांनी विचारलं, काही वाटलं का? मी म्हटलं, भूक लागली. ते त्यांनी टिपणवहीत लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी ठरवलं की इंदापूर तालुक्यात जुनी जाणती माणसं आहेत, त्यांच्या डोळ्यांखालून हब घालायचे. माझं तिकडं जाणं असायचंच. मग काय, लशीच्या पेटीत लशीच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, टोचायची सुई आणि एक हब. गावच्या म्हाताऱ्यांना मी तो दाखवायचो. कुणी म्हणालं रहाटाचा आहे, कुणी म्हणालं पिठाच्या गिरणीचा. निमगावच्या एका पैलवानानं तर तो वळवून बघितला आणि हे वजन कितीचं आहे म्हणून विचारलं. मी हे सगळं येऊन सांगायचो, तात्या लिहून घ्यायचे, आणि शेवटी हमखास विचारायचे, "अंथुर्ण्याला कधी जाणार?" मला वाटायचं, यादीतलं पुढचं गाव म्हणून विचारतात. मी पण काय शहाणा होतो म्हणा.

भादव्यात अंथुर्ण्याचा दिवस लागला. हब क्रमांक दोनची पाळी होती.

अंथुर्ण्यात लस टोचणं सोपं नव्हतं. मागच्या खेपेला मला बघून निम्मं गाव उसात शिरलं होतं. ह्या खेपेला चावडीच्या ओट्यावर टेबल मांडलं, दिवा पेटवला आणि पेटीतून काढलेला हब सहज म्हणून टेबलावर उभा केला. पेटीत दुसरीकडं जागा नव्हती, एवढंच कारण. एक म्हातारी आली, तिनं हबकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि गुपचूप हबला हळदकुंकू वाहिलं. देवीची लस, पुढं दिवा, मधे काहीतरी काळं गोल उभं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तिच्या मागून दुसरी आली तिनं दहीभात ठेवला. दुपारपर्यंत हबच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. लोक हबच्या पाया पडायचे आणि मुकाट्यानं दंड पुढे करायचे. मी खोटं काही बोललो नाही, आई शप्पथ. फक्त गप्प बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी सुरळीत लस मी कधी टोचली नाही.

रांगेत एक पागोटंवाले गृहस्थ होते, कडेवर नात. पन्नाशी ओलांडलेले, हाताला गवारीचा हिरवा डाग. नातीला टोचून झालं. पाया पडायला म्हणून ते हबपुढं वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी माळ बाजूला केली, अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि हब उन्हात तिरका धरला. रांगेतल्या बायका पुटपुटायला लागल्या.

"कुनी दिला ह्यो?"

मी म्हटलं, आमच्या घरमालकांनी, बारामतीच्या.

"डावखुरं हायती का त्ये?"

मी हो म्हटलं. त्यांनी हब माझ्या नाकासमोर आणला. "कानशीच्या रेघा बगा. उजव्या हाताचा मानूस घासतो तवा रेघा हिकडं कलत्यात. ह्या तिकडं कलल्यात. ही माज्या दादाची रेघ हाय." एवढं बोलून ते ओट्यावर बसले, हब मांडीवर ठेवून.

तात्यांना भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि हबवरचं नाव चोरानं नव्हे, तात्यांनीच घासलं होतं, हेही.

रांग संपल्यावर धाकट्या भावानं मला सगळं सांगितलं. सायकल वडिलांची, कालव्यावरच्या एका साहेबाकडून जुनी घेतलेली. दोघं भाऊ तिच्यावरून शाळेत जायचे. थोरला चालवायचा, धाकटा पुढच्या दांडीवर. वडील गेले आणि वाटणी निघाली. लोकांच्या वाटण्या करून देणाऱ्याच्या घरची वाटणी, ती आदर्शच व्हायला हवी. जमीन, विहीर, बैल, भांडी एका दिवसात झाली. उरली सायकल. धाकटा म्हणाला, सहा महिने तू वापर, सहा महिने मी. तात्या म्हणाले, पाळी म्हणजे वाटणी नव्हे. त्यांनी अंगणात सायकल खोलली ती शेवटच्या नटापर्यंत, आणि सगळं एका परातीत घातलं. मागचं चाक जास्त मोलाचं, पुढचं कमी, म्हणून पुरं चाक कुणालाच द्यायचं नाही. एकाला पुढचा हब आणि मागची रिम, दुसऱ्याला मागचा हब आणि पुढची रिम. नावावरून कुणाचं मन कुठल्या भागावर जायला नको म्हणून नावं घासून टाकली आणि चिठ्ठ्या टाकल्या. तारा बहात्तर, म्हणून छत्तीस-छत्तीस. थोडक्यात, दोघांपैकी एकालाही जन्मात चाक जोडता येऊ नये अशी बिनचूक वाटणी झाली, आणि पाच पंचांनी खाली सह्या केल्या. चाळीस आणि बत्तीस भोकांचं कोडं मला ओट्यावर बसल्या बसल्या उलगडलं.

मग छर्रे. पुढच्या चाकाचे बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढे, वीस होते. दहा-दहा झाले. मागच्या चाकाचे मोठे, तुरीच्या दाण्याएवढे. ते अठरा पाहिजेत. निघाले सतरा. परातीखाली बघितलं, अंगण झाडलं, माती चाळणीनं चाळली. सतराच. संध्याकाळी तात्या उठले आणि म्हणाले, मोजणी चुकत नाही. अठरावा तुझ्या खिशात आहे. नऊ त्यांनी स्वतःकडे घेतले आणि आठ धाकट्यापुढे ठेवले.

"जिमिनीत चार हात कमी दिलं असतं तरी मी बोललो नसतो," धाकटा म्हणाला. "छऱ्याचा चोर म्हनला मला. पाच पंचाम्होरं. माजी बायकू दारात हुबी व्हती."

पंधरा वर्षं दोघं बोलले नव्हते. तात्या बारामतीला राहायला गेले ते त्याच आठवड्यात. उठताना धाकट्यानं हब माझ्या हातात दिला, कुंकू पुन्हा नीट लावून दिला. म्हणाला, "येवडं सांगा त्येला. समदं मोजलंस, पर हबाच्या पोटात कुनी बगितलं न्हाय. रॉकेलमधी बुडव म्हनावं."

मी बारामतीला आलो तो तापूनच आलो. चार महिने हा माणूस मला लोखंड चाटवत होता. मी सगळं बोलून घेतलं. हब तुमच्याच हातचा, रेघही तुमचीच, भाऊ तिथं जिवंत बसलाय, आणि मला देवापुढं हब ठेवायला पाठवता? तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता मोजणी चुकत नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "केस पिकले का त्याचे?"

मी म्हटलं, पागोटं होतं, दिसले नाहीत.

"आवाज?"

आवाज तुमच्यासारखाच, म्हटलं. मग ते बोलले. कायद्याची भाषा गळून पडली होती. "डॉक्टर, डोळं जायच्या आदी त्याला एकदा बघायचं हाय. पन मोकळ्या हातानं कसा जाऊ? सायकल मी मोडली. ती हुबी करून न्यायची व्हती." एवढंच. माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यांना असं काकुळतीला आलेलं मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाचाच्या दुकानात गेलो. चाचानं डालड्याच्या डब्यात रॉकेल ओतलं, हब क्रमांक दोन त्यात बुडवला आणि आत काडी फिरवली. एरंडेलाचं काळं, गुळासारखं वंगण सुटत आलं. तात्या डब्यावर ओणवे झाले होते. टण्णकन आवाज झाला. चाचानं डब्यात हात घालून एक छर्रा वर काढला, फडक्यानं पुसला, उजेडात धरला आणि म्हणाला, "अरे तात्या, ये तो..."

तात्यांनी तो त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि मूठ मिटली. "चाचा, चहा सांगा," म्हणाले. चाचानं माझ्याकडे बघितलं, मग चहा सांगितला.

माझी एक रिकामी लशीची बाटली स्पिरिटनं धुऊन तिच्यात कापसावर तो छर्रा ठेवला, आणि रविवारी एसटीनं अंथुर्ण्याला निघालो. सायकल नव्हती, पण आता तात्यांचे हात मोकळे नव्हते. वाटेत मी विचारलं, तात्या, छऱ्याची जाडी घेतलीत की नाही? खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "चिमटा घरी राहिला." चिमटा त्यांच्या कोटाच्या खिशातून वर डोकावत होता.

धाकट्याचं घर मळ्यात होतं. दारापुढच्या मांडवावर सायकलीची रिम आडवी बांधली होती आणि तिच्यातून दोडक्याचा वेल खाली लोंबत होता. धाकट्याची बायको चुलीपुढं वांगी भाजत होती, प्रत्येक वांग्यात सायकलीची एक तार. तात्यांना बघून तिनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. धाकटा बाजारासाठी गवार निवडत होता. तो उठला नाही.

तात्यांनी कोटातून एक घडी केलेला फुलस्केप काढला आणि त्याच्यापुढं धरला. धाकटा म्हणाला, "चष्मा न्हाय. डाक्टर, तुमी वाचा."

मी वाचलं. अर्ज होता. 'अर्जदार याने स्वतः केलेल्या वाटणीत छर्रे मोजताना चूक झाली. त्यामुळे सामनेवाले यांच्यावर खोटा आळ आला. मोजणीचा दोष नाही, दोष अर्जदाराचा आहे. सबब अर्जदार आपल्याच मोजणीची फेरमोजणी मागत आहे.' खाली डाव्या हाताची तिरकी सही. मी कागदाची घडी घालून धाकट्यापुढं ठेवली.

धाकटा हातातल्या गवारीच्या शेंगेचं देठ खुडून उठला. मग घरात गेला आणि तंबाखूचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. झाकण उघडलं. आत आठ छर्रे, पंधरा वर्षं तेल लावून ठेवलेले, नवे वाटावेत असे. तात्यांनी बाटली उपडी केली आणि नववा त्यात टाकला.

मी बघितलं. आठ छर्रे तुरीच्या दाण्याएवढे, आणि नववा ज्वारीच्या. पुढच्या चाकाचा. कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीत हबच्या पोटात जास्तीचा पडलेला असणार. हरवलेला मोठा छर्रा तो नव्हताच. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. धाकट्यानं डब्यात बघितलं, मग तात्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. दोन्ही बुबुळं दुधासारखी झाली होती. आणि मला एसटीतला चिमटा आठवला. भाकरीची जाडी मोजणाऱ्या माणसाच्या बोटांना ज्वारी आणि तूर कळत नाही होय?

धाकट्यानं डबा हलवला आणि झाकण लावलं.

"बरुबर," तो म्हणाला. "नऊ."

तात्यांनी मान हलवली. "नऊ," म्हणाले.

"फेरमोजनीला दोनी बाजू हजर लागत्यात, दादा. चार दिस ऱ्हावं लागंल." मग आत तोंड करून त्यानं बायकोला तीन ताटं वाढायला सांगितलं. तिनं ती आधीच वाढलेली होती.

तात्या चार दिवसांसाठी राहिले ते दिवाळीपर्यंत. मला स्टँडवर सोडायला आला तेव्हा धाकट्यानं हळूच विचारलं, आप्रेशन झाल्यावर दादाला समदं दिसंल का? मी म्हटलं, एका डोळ्यानं दिसावं. तो विचारात पडला. मला वाटलं, भावाची काळजी करतोय. करतच होता, पण निराळी.

तात्या पुण्याला ऑपरेशनला गेले आणि दोन दिवसांनी धाकटा पोतं घेऊन बारामतीत हजर. मागचा हब, वेलातून सोडवलेली रिम, हँडल, सीट, साखळी, भाजून निळ्या पडलेल्या तारा, आणि तो डबा. पडवीतला सांगाडा आणि तात्यांचा वाटा काढून आम्ही चाचाच्या दुकानात नेला. चाळीस भोकांना चाळीस, बत्तीसला बत्तीस, चाकं पंधरा वर्षांनी जमली. छर्रे भरताना चाचानं त्या बारक्याला बोटानं बाजूला सारलं आणि आपल्या डब्यातला बरोबर मापाचा एक काढला.

"न्हाय," धाकटा म्हणाला. "ह्योच बसवा. आनि वर वंगन भरा चांगलं, दिसाया नगं. दादा डोळं घिऊन यायच्या आत झाकून टाका."

तात्या आले, एका डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लावून. अंगणात सायकल उभी. त्यांनी ती पुढून बघितली, मागून बघितली, चिमट्याला हात लावला नाही. मग मागच्या कॅरिअरवर बसले आणि धाकट्यानं पायडल मारलं. दोन पन्नाशीच्या पुढची माणसं. मागचं चाक प्रत्येक फेऱ्याला एकदा कट्ट वाजत होतं. बारका छर्रा, दुसरं काय.

पुढं दोघं असेच बारामती-अंथुर्णे करायला लागले. एकदा मी मधे तोंड घातलंच. म्हटलं, तात्या, ते चाक वाजतंय, चाचा पाच मिनिटांत काढून देईल. तात्या म्हणाले, त्याला हात लावायचा न्हाय. चाकाचा एक फेरा सात फूट चार इंच, दर फेऱ्याला एक कट्ट, ह्याच्यापेक्षा चांगली साखळी सरकारकडे नाही. मला ते पटलं. हा माणूस कट्ट कट्ट मोजत अंथुर्ण्याला जातो, ह्याचं मला हसूही आलं.

म्हणून विचारलं, मग अंथुर्ण्यापर्यंत किती फेरे भरले?

तात्यांनी चष्मा नाकावर सारखा केला.

"मोजायचे राहून गेले," म्हणाले. "धाकला बोलत व्हता."